नववी-दहावीच्या मुलांना नेटवरचं खरं-खोटं कळतं का?

जांभ्याचीवाट (धागाकर्ती) · शनिवार, रात्री ९:१२

मी राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. यंदा दिवाळीच्या सुट्टीत नववीला प्रकल्प दिला होता, आपल्या भागातली कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं. विषय अगदी परसातला. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, कशेळी, रुंढे तळी; काही मुलांच्या तर गुरं चरायच्या सड्यावरच (कातळाच्या उघड्या पठारावर) ही चित्रं आहेत. २०२२ मध्ये यातली काही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यामुळे नेटवर मजकूर भरपूर. मीच म्हटलं, मोबाइल वापरा, फक्त कुठून घेतलंत ते शेवटी लिहा.

वह्या आल्या. निम्म्याहून जास्त वह्यांत परग्रहवासी! कुणी 'यानं उतरवायच्या खुणा' लिहिल्यात, कुणी 'हा नकाशा फक्त आकाशातून वाचता येतो'. एका मुलीचं अक्षर इतकं सुंदर की त्यावर लाल पेन चालवायला जीव होईना. बहुतेकांचं मूळ एकाच व्हिडिओत निघालं. मी तो पाहिला. ड्रोनने घेतलाय, चित्रण देखणं, आवाज भारदस्त.

वर्गात विचारलं, यावर विश्वास कशावरून ठेवलात? उत्तरं जशी आली तशी देते.

"बाई, लाखांत व्ह्यूज आहेत."

"खाली सगळ्यांनी 'खूप छान माहिती' लिहिलंय."

"मी व्हिडिओ नाही, वेबसाइट बघितली. तिच्या शेवटी डॉट ऑर्ग होतं. ते चांगलं असतं ना?"

"बोलणाऱ्याने शर्ट इन केला होता." (यावर वर्ग हसला, पण पोरगा खरंच विचार करून बोलला होता.)

आणि बारसूच्या सड्याला लागून घर असलेला एक मुलगा म्हणाला, "आमचे आजोबा त्या चित्रांबद्दल वेगळंच सांगतात. पण आजोबांचं नाव शेवटी लिहिलं तर मार्क मिळतात का?"

आता गंमत बघा. त्या व्हिडिओत धादांत खोटं असं थोडंच आहे. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर बाय १३ मीटर आहे, हे खरं. देवाचे गोठणेला होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, हेही खरं, आमच्या काही मुलांनी स्वतः नेऊन पाहिलंय. दोन गोष्टी डोळ्यांदेखत पटल्या की तिसरी, म्हणजे यान उतरल्याची, त्याच घोटात खाली जाते. उलट अभ्यासक काय म्हणतात? काळाबद्दल मतभेद आहेत, अजून काम चालू आहे. चौदा वर्षांच्या पोराला 'अजून ठरलेलं नाही' म्हणणारा माणूस कच्चा वाटतो आणि छातीठोक सांगणारा पक्का.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये १२ राज्यांतल्या विद्यार्थ्यांची ७,८०४ उत्तरं तपासली. मधल्या इयत्तांतल्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना 'प्रायोजित मजकूर' असं स्पष्ट लिहिलेली जाहिरात ही बातमीच वाटली. २०१९ मध्ये त्यांनी पुन्हा ३,४४६ हायस्कूलच्या मुलांना बसवलं, तेही नेट हाताशी देऊन. मतपेट्यांत बोगस मतं कोंबतानाचा एक अस्पष्ट व्हिडिओ दाखवला, सोबत दावा की हे अमेरिकेतलं आहे. व्हिडिओ होता रशियातला. ५२ टक्के मुलांनी तो भक्कम पुरावा मानला. मूळ शोधून काढलं फक्त तिघांनी.

म्हणजे बोटं झपाझप चालतात म्हणून पारख येते, असं काही नाही. मला विचारायचंय ते एवढंच: तुम्ही घरी, शाळेत, क्लासमध्ये मुलांना नेमकं काय शिकवता? 'सगळ्यावर विश्वास ठेवू नका' हे मी दरवर्षी सांगते, त्याचा उपयोग शून्य.

घाटमाथा · शनिवार, रात्री ९:४०

ताई, लेख उत्तम, पण पोरांवरच का घसरता? आमच्या घरात फॉरवर्ड कोण पाठवतं विचारा. माझे वडील आणि त्यांचा निवृत्तांचा ग्रुप. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीवेळी फेसबुकवर कोणी काय शेअर केलं याचा एक अभ्यास 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये २०१९ ला आला होता. ६५ वर्षांवरच्यांनी खोट्या बातम्यांच्या साइटवरचे दुवे सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सात पट शेअर केले. आणि बहुतेक लोकांनी एकही केला नाही, हेही त्यातच आहे. धाग्याचं नाव 'आजोबांना कळतं का' असं पाहिजे होतं.

जांभ्याचीवाट · शनिवार, रात्री ९:५८

मान्य. पण आजोबा माझ्या वर्गात बसत नाहीत, नववी ब बसते. आणि शेअर किती केलं आणि ओळखलं किती, या दोन वेगळ्या गोष्टी. पोरं फेसबुकवर नाहीतच, त्यांचं सगळं रीलवर. तिथे दुवा नसतो, तारीख दिसेल न दिसेल, मूळ कुणाचं ते कळत नाही.

भाऊबंद · शनिवार, रात्री १०:०५

मोबाइल काढून घ्या. प्रश्न मिटला. आम्ही पण शिकलोच ना.

घाटमाथा · शनिवार, रात्री १०:०७

आपण शिकलो तेव्हा बारमुडा ट्रँगल आणि उडत्या तबकड्यांची मराठी पुस्तकं एसटी स्टँडवर मिळायची भाऊ. मी तरी सगळी खरी मानली होती.

सुरंगीचा_वळेसर · शनिवार, रात्री १०:३१

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे, संगमेश्वरच्या बाजूला. कातळशिल्पांचं चुकलं तर चार मार्क जातील. माझ्याकडचं उदाहरण सांगते.

भातकापणीच्या दिवसांत संध्याकाळी एका मुलाला फुरसं चावलं, पायाच्या बोटाला. घरात मोठं कुणी नव्हतं, बहीण दहावीतली. तिने लगेच मोबाइलवर शोधलं, 'फुरसं चावल्यावर उपाय'. वर आला एक पाला वाटून लावायचा व्हिडिओ. पाला परसातच होता. लावला, वर घट्ट दोरी बांधली आणि वाट बघत बसले. शेजारच्या काकी आल्या म्हणून पोरगा आमच्यापर्यंत पोचला. तोवर हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. आम्ही कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो आणि मग नळी तिरपी करून बघतो. रक्त गोठलं नाही म्हणजे विष भिनलंय. त्या दिवशी नळीतलं रक्त पाण्यासारखं वाहिलं. प्रतिविष सुरू केलं, पुढे पाठवलं, पोरगा वाचला.

त्या बहिणीला मी अजिबात ओरडले नाही. तिने नंतर मला व्हिडिओ दाखवला. त्यात तीन माणसं सांगतायत की आम्हाला साप चावला, हा पाला लावला, आम्ही ठणठणीत. ती मला म्हणाली, "ताई, ती माणसं खोटं बोलतायत का?" मी म्हटलं, बहुतेक खरंच बोलत असतील! चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. त्या माणसांना काहीही लावलं असतं, अगदी टूथपेस्ट, तरी ती बरी झाली असती. आणि ज्यांना पाला लावूनही उपयोग झाला नाही, ती माणसं व्हिडिओत येणार कशी?

हे तिला लगेच कळलं. मला वाटतं मुलांना 'हा माणूस खोटारडा आहे का' यापेक्षा 'यात कोण दिसत नाही' हे विचारायला शिकवलं पाहिजे.

(ज्यांच्या घराभोवती गडगे (दगडी बांध) आहेत त्यांच्यासाठी: दोरी नको, कापणं नको, चोखणं नको, पाय हलवू नका, १०८ ला फोन. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळतं.)

केवडा · शनिवार, रात्री १०:४४

वाचताना काटा आला. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावर काम करत होते तेव्हाचं वडील सांगतात. तेव्हाही मंत्र उतरवणारा आधी आणि दवाखाना नंतर. आता मंत्रवाला खिशात आला एवढाच फरक.

बॅकबेंचर_अकरावी · शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार. मी रत्नागिरीत अकरावीला आहे. आईच्या लॉगिनवरून नाही, स्वतःचं खातं आहे 😀

इथे सगळे मोठेच बोलतायत म्हणून लिहितो. आम्हाला काहीच कळत नाही असं नाहीये. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचं सुट्टीचं पत्र फिरतं ना, 'उद्या सर्व शाळा व महाविद्यालयांना सुट्टी'? ते आमच्यातलेच कोणतरी बनवतात. गेल्या वर्षीचं खरं पत्र घ्यायचं, तारीख बदलायची, पाच मिनिटांचं काम. त्यामुळे ते बघायचं कसं हे आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तारखेचा फाँट बाकीच्यापेक्षा किंचित जाड असतो. '२५' जरा वर सरकलेलं असतं. आणि जावक क्रमांक बदलायला सगळे विसरतात, तो गेल्या वर्षीचाच राहतो. आमच्या ग्रुपवर पत्र आलं की पहिला मेसेज 'जावक नंबर बघ रे' हाच असतो. पालकांच्या ग्रुपवर मात्र तेच पत्र हात जोडलेल्या इमोजीसकट फिरत असतं.

मग कातळशिल्पाचं का कळत नाही? कारण तो व्हिडिओ आम्ही बनवलेला नाही. कसा बनवतात माहीत नाही.

आणि दुसरं, राग मानू नका मॅडम, प्रकल्प आम्ही शेवटच्या रात्री करतो. त्या वेळी खरं काय हे शोधत नसतो, दोन पानं भरतील असं काहीतरी शोधत असतो. परग्रहवासी लिहिले तरी पानं भरतात. मला खात्री आहे तुमच्या वर्गातल्या निम्म्यांचा त्यावर विश्वासच नसेल.

जांभ्याचीवाट · रविवार, सकाळी ७:५०

बॅकबेंचर, राग कशाला? इथली सर्वांत कामाची पोस्ट तुझी आहे. जावक क्रमांकाचं मी उद्याच स्टाफरूममध्ये सांगते.

पण तुझ्याच पोस्टमध्ये मला एक अडचण दिसते. फाँट, सरकलेला आकडा, जुना क्रमांक, हे सगळं कागदाच्या आतलं बघणं झालं. ज्याने नीट बनवलं त्याच्याकडून तू फसशील. तुझ्यापेक्षा हुशार पोरगा दापोलीत असेलच की.

शिळाप्रेस · रविवार, सकाळी ९:१५

बरीच वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर काढली. ताईंनी शेवटी जे म्हटलंय, त्यावरच स्टॅनफर्डच्या त्याच लोकांचा आणखी एक प्रयोग आहे, सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्र्यू यांचा, २०१७ चा. ४५ माणसं बसवली: १० पीएच. डी. झालेले इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस, २५ स्टॅनफर्डचे विद्यार्थी. सगळ्यांना अनोळखी वेबसाइट दिल्या आणि विचारलं, विश्वास ठेवाल का? त्यात दोन बालरोगतज्ज्ञ संघटना होत्या. एक १९३० पासूनची, हजारो डॉक्टरांची. दुसरी २००२ मध्ये फुटून निघालेला छोटा गट, नाव जवळजवळ सारखंच, वेबसाइट तितकीच गंभीर चेहऱ्याची.

विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासकारसुद्धा पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले. मांडणी, संदर्भ, 'आमच्याविषयी'. आणि गंडले. तपासनीस काय करायचे? पानावर काही क्षण थांबायचे आणि ते सोडून द्यायचे. नव्या खिडक्या उघडायच्या आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघायचे. मूळ पानावर परत यायचेच तर नंतर.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. कर्नाटकचा आंबा 'देवगड हापूस' छापलेल्या पेटीत बसून वाशीला विकला जातो. पेटीवरचा छाप निरखत बसणारा गिऱ्हाईक फसतो. जाणता माणूस पेटी खाली ठेवतो आणि शेजारच्या गाळ्यावर जाऊन विचारतो, हा माल कुणाचा?

त्या डॉट ऑर्गवाल्या मुलाबद्दल: हा नियम शाळांनी कृपया बंद करावा. डॉट ऑर्ग कुणीही पैसे भरून घेऊ शकतो. उलट 'सरकारी म्हणजे गव्ह डॉट इन' हेही पुरत नाही. कोकण रेल्वेची खरी साइट कोंकणरेल्वे डॉट कॉम आहे. सीईटी सेलची महासीईटी डॉट ऑर्ग. पत्त्याच्या शेपटावरून पारख करणारा पोरगा एक तर खरी साइट सोडेल, नाहीतर भरतीच्या नावाने अर्ज शुल्क उकळणाऱ्या बनावट साइटवर आईच्या खात्यातून पैसे भरेल. आमच्या गल्लीत हे दुसरं झालंय.

वेंगुर्लेकार · रविवार, सकाळी १०:०२

माका तुमच्यासारख्या लिवक येना नाय, तरी सांगतंय.

आमचो झील अकरावीक. तेच्या मोबायलात ता वाऱ्याचा अॅप असा, रंगीत नकाशो, वारो गोल गोल फिरताना दिसता. मे म्हयन्यात येक दिवस माका म्हणता, "बाबा, धा दिसांनी चक्रीवादळ, होडी वर काढा." फोटो काढून तेणा ग्रुपार पण टाकल्यान. गावात बोंब. धा दिसांनी काय झाला? साधो वारोसुदा नाय.

आता तो नकाशो खोटो नव्हतो हां. अॅप पण खरा. पण धा दिस फुडचो अंदाज दर सा-सा तासांनी बदलता, ह्या तेका ठावक नव्हता. दुसऱ्या दिवशी ता वादळ ओमानाक गेला, तिसऱ्या दिवशी नायसाच झाला. तेणा फोटो पयल्या दिवसाचो धरून ठेवल्यान.

तौक्ते वादळाच्या टायमाक, २०२१ च्या मे म्हयन्यात, आमी हवामान खात्याच्या सांगण्यार होड्यो वर घेतलंव. आमच्या वाडीत ज्यांनी घेतल्यो तेंच्यो वाचल्यो.

पण झीलाचो पुरो दोष नाय. लाटेची उंची तो माझ्यापेक्षा बरी सांगता, चार दिसांच्या आतली. इन्कॉइसचो (दर्याची म्हायती देवची सरकारी संस्था) लाटांचो इशारो पण तोच वाचून दाखयता. खयच्या गोष्टीत किती दिसांचा धरूचा, ह्या तेका कोणी शिकवूक नाय, इतक्याच.

केवडा · रविवार, सकाळी १०:२०

वेंगुर्लेकार, लिवक येना नाय म्हणता आणि सगळ्यांत भारी लिवलास तुमी!

घाटमाथा · रविवार, सकाळी १०:३३

+१. 'रेड अलर्ट'चंही असंच. लाल म्हणजे २४ तासांत २०४.५ मिमी किंवा जास्त पावसाची शक्यता, यंत्रणांनी हलायचं. आमच्या सोसायटीत लाल म्हणजे प्रलय, आणि तो आला नाही की 'हवामान खातं खोटं'. स्रोत बरोबर, वाचणारा भलताच.

जांभ्याचीवाट · रविवार, दुपारी १२:४८

शिळाप्रेस, तुमचं वाचून सकाळी घरीच करून पाहिलं. शेजारची दोन मुलं घेतली, माझ्याच वर्गातली, आणि सांगितलं, तो व्हिडिओ बाजूला ठेवा, बाकीचे काय म्हणतात ते शोधा. मराठीत शोधलं.

आणि इथे सगळी गाडी अडली. पहिल्या पानावर जे काही आलं, त्यात साइटमागून साइट तोच परिच्छेद. कुठे फोटो वेगळा, कुठे मथळा. माझ्या लक्षात आलं कारण प्रत्येक ठिकाणी 'अश्मयुगिन' असं ऱ्हस्व 'गि' होतं. कुणीतरी एकाने चुकीचं लिहिलं आणि बाकीच्यांनी जसंच्या तसं उचललं. मुलं मात्र खुश. "बाई, इतक्या ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार!" मी त्यांना तो 'गि' दाखवला तेव्हा चेहरे बघण्यासारखे झाले. मग त्यांना तोच खेळ लागला. आणखी कुठे कुठे 'गि' सापडतो ते तासभर शोधत बसली.

इंग्रजीत शोधलं तर चांगलं सापडतं, पण नववीच्या मराठी माध्यमाच्या मुलाला ते पेलत नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, पण या विषयावर तिथे फारच त्रोटक. अमेरिकेत 'बाजूच्या दहा खिडक्या उघडा' म्हणणं सोपं आहे. आपल्याकडे दहा खिडक्यांतून एकच माणूस बोलत असतो.

शिळाप्रेस · रविवार, दुपारी १:१०

हे मी विचारात घेतलं नव्हतं, आणि ते फार खरं आहे. डेस्कवर आम्ही काय करायचो? नेट नव्हतंच. वार्ताहराची बातमी आली की तिथल्या पोलीस पाटलाला, नाहीतर ओळखीच्या दुकानदाराला फोन. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं त्या दिवशी आमच्याकडे 'धरण फुटलं'चे किती मेसेज आले त्याला सुमार नाही. शहरातले फोन लागत नव्हते. तेव्हा वरच्या अंगाला, कोळकेवाडीकडे, ज्याची ज्याची ओळख होती त्याने तिकडे फोन लावला आणि धरण जागेवर आहे हे कळलं. नेटवर त्या तासाला याचं उत्तर नव्हतंच.

आपल्याकडे पान सोडून बाहेर जाणं म्हणजे पुष्कळदा माणसाकडे जाणं. पोरांना हे उलट जास्त जमेल. फक्त कुणाला विचारायचं हे कळलं पाहिजे. सड्याच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांना चित्र कधीपासून दिसतंय, पूर्वी तिथे काय करत, हे विचारावं. चित्राचं वय त्यांना विचारू नये, त्यासाठी पुरातत्त्व विभागाचं रत्नागिरीचं कार्यालय आहे.

केवडा · रविवार, दुपारी २:२५

एक उलटी भीती मांडते. माझी भाची ठाण्याला, दहावीत. शाळेत 'फेक न्यूज'वर एक कार्यशाळा झाली. तेव्हापासून तिचं उत्तर ठरलेलं, 'सगळेच पैसे घेतात'. वर्तमानपत्र? पैसे घेतात. डॉक्टर? कंपन्यांचे. आरोग्य संघटना? सगळे मिळालेले. यूट्यूबवरचा तिचा एक लाडका दादा मात्र पैसे घेत नाही, म्हणे. तो दर व्हिडिओत प्रोटीन पावडर विकतो.

संशय घ्यायला शिकवलं आणि विश्वास कुणावर ठेवायचा ते शिकवलंच नाही, की असं होतं. डॅना बॉइड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी २०१७ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला होता, आपलं माध्यमशिक्षण उलटलं तर नाही ना?

सुरंगीचा_वळेसर · रविवार, दुपारी ३:०५

गोवर-रुबेला लसीच्या वेळी हे आम्ही भोगलंय. आया नाही म्हणत नव्हत्या, मोठी मुलंच सांगायची, 'आई, व्हिडिओ बघ'. केरळात कण्णूरला तेच झालं, तेव्हा तिथले जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी २०१८ मध्ये १५० सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग सुरू केले. नाव 'सत्यमेव जयते'. सरकारी शाळांत, साध्या फळ्यावर होऊ शकतं हे.

भाऊबंद · रविवार, दुपारी ३:२०

सरकारी वर्ग म्हणजे सरकार सांगेल ते खरं. झालं.

जांभ्याचीवाट · रविवार, दुपारी ३:४१

भाऊबंद, म्हणूनच मी सुट्टीचं पत्रच घेणार आहे. त्यात सरकारचाच कागद खोटा निघतो, आणि खरा कुठला हे पोरांनी स्वतः शोधायचं असतं.

एक उभारी देणारी गोष्ट. अमेरिकेतच बारावीच्या ४९९ मुलांवर एक प्रयोग झाला, २०२२ मध्ये छापून आलाय. नेहमीच्याच शिक्षकांनी ५० मिनिटांच्या फक्त सहा तासिका घेतल्या, पान सोडून बाहेर बघण्याच्या. त्या मुलांची पारख बाकीच्यांपेक्षा स्पष्ट सुधारली. सहा तासिका मी खेळाच्या आणि कार्यानुभवाच्या तासांतून मागून घेऊ शकते.

बॅकबेंचर_अकरावी · रविवार, संध्याकाळी ६:१५

मॅडम, एक राहिलंच. आता सर्च कोण करतं? एआयला विचारतात. तो एकच उत्तर देतो, गोड भाषेत, आणि पुस्तकाचं नाव पण देतो. मी एकदा तसं पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीत मागितलं. ग्रंथपाल सरांनी सगळीकडे शोधलं, असं पुस्तकच नाही. लेखक खरा होता, पुस्तक नव्हतं.

शिळाप्रेस · रविवार, संध्याकाळी ६:४०

पण तू लायब्ररीत गेलास ना? तेच तर.

बॅकबेंचर_अकरावी · रविवार, संध्याकाळी ६:४४

गेलो कारण सर व्हायवा घेणार होते 😅 पुस्तक दाखवायला सांगतात. नाहीतर कशाला गेलो असतो.

घाटमाथा · रविवार, संध्याकाळी ६:५८

हाच मुद्दा. उत्तराला मार्क आहेत तोवर पोरं उत्तर उचलणार. ताई, प्रकल्पाचे अर्धे मार्क 'कुठे कुठे विचारलं आणि कुठे पटलं नाही' याला ठेवा. चुकीचं सापडलं आणि ते का चूक वाटलं हे लिहिलं, तरी पूर्ण मार्क.

जांभ्याचीवाट · रविवार, रात्री ८:३०

ठेवते. मुख्याध्यापकांना आधी पटवावं लागेल, त्यांना दोन पानं भरलेली लागतात.

आत्ता डोक्यात आहे ते असं. पहिल्या तासिकेला सुट्टीची दोन पत्रं, एक खरं, एक खोटं, पण खोटं इतकं नीट की कागद बघून ओळखता येऊ नये. (बॅकबेंचर, बनवून देशील? वर 'नमुना' असं आडवं मोठं लिही, नाहीतर तेच फिरायचं.) दुसरीला सुरंगीताईंचा सापाचा व्हिडिओ, त्यात कोण दिसत नाही ते शोधायला. तिसरीला वेंगुर्लेकारांच्या झीलाने टाकलेला वादळाचा फोटो, त्यांची हरकत नसेल तर. पुढच्या तीन अजून ठरत नाहीत.

वेंगुर्लेकार · रविवार, रात्री ९:०५

हरकत कसली? धाडतंय. पण तेचा नाव नको घालू, इज्जतीचो प्रश्न असा तेचो.

सुरंगीचा_वळेसर · रविवार, रात्री ९:१२

माझ्याकडून त्या बहिणीला विचारून बघते, ती स्वतः येऊन सांगेल का. आता अकरावीला आहे. मुलं माझ्यापेक्षा तिचं ऐकतील. एसटीचं वेळापत्रक बघून कळवते, आमच्याकडून राजापूरला सकाळची एकच गाडी सोयीची आहे.

बॅकबेंचर_अकरावी · रविवार, रात्री ९:३०

पत्र करतो. जावक क्रमांक पण बदलतो या वेळी.